हाक पार्टी

पटावर एकोणचाळीस, बाकांवर सव्वीस.
उरलेले तेरा कुठे असतात
ते मला कॅटलॉग न उघडता सांगता येतं:
इरण्णा अलकुंटे खाणीकडच्या झोपडीत
धाकट्याला झोका देत,
चंदा राठोड आईबरोबर नाक्यावर,
आणि बाजारात लसणाच्या गाड्या उतरल्या
की शाहीन आणि तिच्या गल्लीतल्या चौघी
गोणपाटावर बसून पाकळ्या सोलत,
नखं दुखेपर्यंत.

बावीस वर्षं तुर्भे स्टोअरच्या या शाळेत
मी लाल पेनाने 'गै' लिहीत आले.
डोक्यावरच्या त्या दोन मात्रा
पेन आपोआप काढतं आता,
माझं लक्षही नसतं.

दिवाळीनंतर एक पथक काढलं.
नाव पोरांनीच ठेवलं, हाक पार्टी.
चौघं जण, शाळा सुटल्यावर,
सोबतीला खिचडीवाल्या सुलभामावशी.
नियम दोनच.
"का आली नाहीस?" असं विचारायचं नाही.
(ते सगळेच विचारतात.
घरमालक तर दारात उभा राहून विचारतो.)
आज वर्गात काय झालं तेवढं सांगायचं
आणि निघायचं.
पाणी दिलं तर प्यायचं. हा तिसरा नियम
मावशींनी घातला.

पहिल्याच दिवशी मल्लेशने शाहीनला सांगितलं,
"आज अपूर्णांक झाले. बाईंनी चपातीचे तुकडे केले.
तुझा चतकोर मी खाल्ला."
दुसऱ्या दिवशी शाहीन हजर.
अपूर्णांकासाठी नाही,
चतकोरासाठी भांडायला.

बोटांना तिच्या वास होता. शेजारणीने नाक धरलं.
शाहीनने दप्तरातून एक गड्डा काढला,
फोडला, मोजला: बारा पाकळ्या.
चार शेजारणीपुढे सरकवल्या.
"घे, एक तृतीयांश. धर आता नाक."
इतकं सोपं मी
बावीस वर्षांत शिकवलेलं नाही.

सगळे आले असं नाही.
चंदा नाही आली.
इरण्णा आला, कडेवर भावाला घेऊन.
भाऊ खडू खातो.

फेब्रुवारीत मुख्याध्यापकांची यादी लागली.
तिसऱ्यांदा माझं नाव नव्हतं.
मी फोन करून कळवलं, ताप आहे.
ताप नव्हता.
सेक्टर बावीसमधल्या माझ्या खोलीत
पडदे ओढून पंख्याकडे बघत पडले होते,
मोरीत भांडी तशीच,
दुधाच्या पिशव्या दाराबाहेर दोन.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली.
दारात चौघं. मागे मावशी,
जिन्याचा कठडा धरून धापा टाकत.
"अरे, बेलापूर रोड कसा ओलांडलात? ते ट्रक, ते डंपर..."
"हात धरून."

कुणी विचारलं नाही, का आला नाहीत.
माझ्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं
आणि पाहिलं नाहीसं केलं.
पाणी दिलं, प्यायले.
मग शाहीनने वही उघडली
आणि उभं राहून वाचलं, पूर्णविरामांसकट:

"काल पस्तीस आले. आज चौतीस.
इरण्णाचा भाऊ दहापर्यंत म्हणाला, सात सोडून.
चंदा खिडकीपर्यंत आली होती, आत नाही आली.
सरांनी दोन वर्ग एकत्र बसवले. गोंगाट झाला.
फळ्यावर तारीख सोमवारचीच आहे.
ती आम्ही कुणाला पुसू दिली नाही."

सांगून झालं. चपला घातल्या.
नियम म्हणजे नियम.
मी दारात तशीच, रिकामे पेले हातात.
कुठला तरी धडा
मलाच पाठ नव्हता.

जिन्यातून मल्लेश धावत परत आला.
"बाई, तुमच्या नावापुढे वहीत काही लिहिलं नाहीये.
जागा ठेवलीय."
आणि दोन पायऱ्या उतरून,
मान वळवून,
"येताना खडू आणा.
इरण्णाच्या भावाने संपवले."